बेटावरून आणलेली आठ माणसं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पूर्वी नव्हता, आणि खाली लिहिलेला प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही बसलेला नाही. वर्तमानपत्राच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. विहिरीतले आवाज, उलट्या पावलांच्या बाया, मेलेल्या आजोबांनी स्वप्नात दाखवलेलं धन — असल्या कॉप्या पहिल्या चार ओळींतच टोपलीत टाकायची सवय हाताला आहे. तेव्हा या सदराच्या वाचकांनी माझ्याकडून अंगावर काटा वगैरे अपेक्षू नये. मी चिडून लिहितो आहे, एवढंच.

चिडायचं कारण असं. गेल्या महिन्यात एका मासिकात इंदुरीजवळच्या नदीतल्या बेटावर लेख आला. सोबत दोन फोटो. लेखक नाताळच्या सुट्टीत मित्रमंडळींसह तिथं सहलीला गेले होते. बेट किती रम्य, करंजांची सावली किती दाट, महादेवाच्या पिंडीपाशी वाजणारं पाणी किती मंजुळ… सगळं यथास्थित. शेवटच्या परिच्छेदात तोंडी लावायला एक वाक्य आहे — पुराच्या वेळी इथे एका भोयाचं भूत माणसांना पैलतीरावर पोचवतं, असं गावकरी म्हणतात.

भूत! ज्याच्याबद्दल हे लिहिलं तो माणूस त्या दिवशी जिवंत होता. त्याच्या कमरेला दोरी होती, दोरीचं टोक चावडीच्या खांबाला होतं, आणि मी त्याच्यापासून चार हातांवर बसलो होतो. त्याचं नाव धोंडिबा.

आधी बेटाविषयी, कारण लेखात त्याबद्दलही निम्मं चुकलं आहे. बेट इंदुरीच्या गढीच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीच्या पात्रात. लांबी माझ्या पावलांनी दोनशे दहा, रुंदी जास्तीत जास्त साठ. वरच्या टोकाला काळा खडक आहे. त्यावर आपटून नदी दुभंगते आणि खडकाच्या मागे गाळ साठतो. त्या गाळाचंच हे बेट. गावाकडचा प्रवाह खोल. पलीकडचा उन्हाळ्यात गुडघाभर. गढीत शिबंदी होती तेव्हा गवताच्या गंज्या आगीच्या भीतीने बेटावर रचत, अशी आठवण म्हातारी माणसं सांगत. कागद मी पाहिलेला नाही. करंज, दोन जांभळी, एक उघड्यावरची पिंड, आणि धोंडिबाची झोपडी. उन्हाळ्यात त्याची बायको गाळात कलिंगडं आणि काकड्या लावायची. मी तळेगावच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा वैशाखात सायकल काढून खास त्या काकड्या खायला जात असे. जागा सुंदर होती, यात वाद नाही. सुंदर होती म्हणूनच पुढचं सगळं झालं.

भोयांचं हे घराणं बेटावर पिढ्यान्‌पिढ्या होतं. बेट त्यांच्याकडे राहायचं ते एका चाकरीबद्दल — पावसाळाभर माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची, आणि पूर आला तर कोणालाही नाही म्हणायचं नाही. पुरात नेलेल्या माणसाकडून काही घ्यायचं नाही. फक्त एक रीत पाळायची. ज्याला पुरातून आणलं त्याने त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, आणणाऱ्याकडे जायचं. पाच माणसांदेखत त्याचं नाव घेऊन 'यानं मला आणलं' असं म्हणायचं आणि एक मूठ तांदूळ त्याच्या ओंजळीत घालायचे. भोयाने ते घ्यायचे. यातलं काही राहून गेलं, तर ते माणूस अजून पाण्यातच आहे असं गाव धरायचं — मग ते काठावर हिंडत-फिरत का असेना. नदी त्याला केव्हाही माघारी नेऊ शकते. ही समजूत मी वर्गात पोरांपुढे हसून सांगत असे. तेव्हा मी सुधारक होतो.

महायुद्ध अजून सुरू झालेलं नव्हतं. मी शाळा सांभाळून पुण्याच्या एका दैनिकाला मावळातल्या बातम्या पाठवत होतो. पुण्याच्या एका बड्या गृहस्थांना ते बेट हवासं झालं. बंगली, बाग, पाहुण्यांसाठी बाकं — असा बेत. त्यांनी अर्ज केला. पण भोई चाकरी करतो आहे तोवर बेट काढून घेता येईना, म्हणून भोयाचा गुन्हा शोधणं आलं. तो सापडला. वळवाच्या वादळात पडलेला एक करंज धोंडिबाने तोडून त्याच्या फळ्या नावेला लावल्या होत्या. सरकारी झाड विनापरवाना तोडलं, असं ठरलं. चौकशी इंदुरीच्या चावडीत, खुद्द मामलेदारांपुढे. वाचकांनी लगेच इंग्रजांच्या नावाने बोटं मोडू नयेत. मामलेदार आपले, अर्जदार आपले, कारकून आपला, हवालदार आपला… आणि बातमीदारही.

तो श्रावणी सोमवार होता. सकाळी आठच्या सुमारास धोंडिबाने नावेतून आठ माणसं बेटावर पिंडीच्या पूजेला नेली. सहा बायका, एक म्हातारा गुरव, एक काही महिन्यांचं मूल. धोंडिबाची बायको लावणीला खाचरात गेली होती. दुपारी बाराला आणायला येतो, असं सांगून तो नाव घेऊन गावाच्या काठाला परतला. साडेनऊला हवालदार आला. करंजाच्या फळ्या नावेला होत्या, म्हणून नाव मुद्देमाल ठरली. घाटावरच्या बाभळीला साखळीने बांधून तिला कुलूप घातलं, किल्ली हवालदाराने खिशात टाकली आणि धोंडिबाला चावडीत आणून खांबाला बांधलं. माणसं बेटावर आहेत, हे त्याने तेव्हाच सांगितलं. हवालदार म्हणाला, "बाराच्या आत मोकळा होशील."

बारा वाजता मामलेदार नुकते टेकले होते.

चावडीला एक दार, दोन खिडक्या, दोन्हींना गज. तिथून घाट सव्वाशे पावलं. मधे घरं असल्याने नदी दिसत नाही. पाऊस इंदुरीत नव्हता, नुसतं भरून आलं होतं. साक्षी-पुरावा चालला होता — फळी किती लांब, करंज उभा होता की आडवा. मी सगळं टिपत होतो. दोनच्या पुढे धोंडिबा एकदम ताठ बसला.

"रावसायब, पानी चढलं."

मामलेदारांनी कागदावरून नजर काढली नाही. "इथून दिसतं होय तुला?"

"आवाज बदलला जी. वर लोनावळ्याच्या अंगाला लय झालाय. बेटावर मानसं हायत माजी. सोडा मला, घटकाभरात माघारी येतो. हवालदार द्या वाटलं तर संगं."

"आणि नाव सोडून खाली देहूकडे पसार होतोस. मी काय खुळा?"

"नाव नगं मला. पवत जातो. झोपडीत सांगड हाय."

सांगड म्हणजे वाळलेल्या भोपळ्यांचा तराफा. माणूस त्यावर पोटावर पडतो, किंवा धरून पोहतो.

"झाड तोडताना परवानगी मागायला सुचलं नाही," मामलेदार म्हणाले, "आणि आता बघा, कशी अदब आली!" कारकून हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

"रावसायब, बाया हायत. एक ल्हान लेकरू हाय."

"जेवून आल्यावर पाहू."

"जेवान थांबंल जी. पानी न्हाई थांबायचं."

मामलेदार उठले. "हवालदार, हा पुन्हा बोलला तर त्याच्याच मुंडाशाने याचं तोंड बांध." आणि ते पाटलांच्या घरी जेवायला गेले. माझ्या घड्याळात तेव्हा सव्वादोन झाले होते. आकडा वहीत आहे. वही माझ्यापाशी आहे.

मी उठलो नाही, हे इथेच लिहून ठेवतो. उठून घाटावर जाता आलं असतं. गावात हिंडून दोन पोहणारे गडी शोधता आले असते. मी बातमीदार होतो आणि बातमी चावडीत आहे, असा माझा समज होता. गावातले बहुतेक गडी लावणीसाठी खाचरांत होते. थोड्या वेळाने पाऊसही सुरू झाला. घाट ओस होता.

चावडीत चौघे उरलो. हवालदार दाराशी, कारकून भिंतीला टेकून, मी गादीच्या कडेला आणि धोंडिबा खांबाशी. तो नदीकडच्या भिंतीकडे तोंड करून बसला. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. माझ्या नोंदी जशाच्या तशा देतो. अडीच — आरोपी गप्प, डोळे मिटून. दोन-पन्नास — तसाच, अंगावर घाम. तीन-दहा — तसाच, श्वास मोठा, झोप नव्हे. तीन-वीस — हवालदाराने पाणी विचारलं, उत्तर नाही. खांद्याला धरून हलवलं, हात गार असल्याचं हवालदार म्हणाला. दोरी मी पाहिली. गाठ सकाळचीच होती. तीन-पस्तीस — डोळे उघडले, पाणी मागितलं, तांब्याभर प्याला.

या सव्वा तासात तो उठला नाही. मी त्याच्याकडे पाहत होतो. दुसरं पाहण्यासारखं तिथं काही नव्हतं.

पावणेचारला मामलेदार पाटलांना घेऊन परत आले, पान खात. चारला बाहेर गलबला झाला आणि दारात बायका आल्या. ओल्याचिंब. पुढे तान्हीमावशी — पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, अख्ख्या गावाला अरे-तुरे करणारी. मागे पाच जणी, एकीच्या काखेत कुंचीतलं मूल, सगळ्यांत शेवटी थरथरणारा गुरव. प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी होतं.

"कुटं हाय आमचा भोई?" तान्हीमावशीने आत पाहिलं आणि गालावर हात मारला. "अरं बाबा! आमी घरला जाऊन तांदूळ घेऊन येतोय तवर तू आमच्या आदी हितं येऊन बसला बी? आनि धोतर कवा बदललंस रं? कोरडा ठनठनीत!"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी धोंडिबाच्या धोतराकडे. ते कोरडंच होतं.

मामलेदारांनी पान थुंकून घेतलं. "बाई, तुम्हांला याने आणलं?"

"मग काय तुमी आनलं?"

"कधी?"

"कवा म्हंजी? आत्ता! खडक बुडाला, पिंड बुडाली, आमी जांभळीच्या खोडाला धरून हुबं. ह्यो आला सांगडीवरनं. लेकराला आनि तिच्या आयेला आदी, मंग दोगी-दोगी. मला आनि गुरवआबाला समद्यात शेवटी. गढीच्या मागं उतरवलं."

"काही बोलला?"

"मी म्हनलं, धोंडिबा, तुला सोडलं व्हय रं त्या मेल्यांनी? — तुमास्नी न्हाई हां रावसायब — तर नुसती मान हलवली. दम कुटं व्हता त्येला बोलाया."

मामलेदार हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. "कारकून, घ्या लिहून. प्रत्येकीचं वेगळं." मग हवालदाराकडे वळून, अगदी हळू आवाजात, "तुला डुलकी लागली होती, नाही का रे?"

डाव काय आहे, हे मला तेव्हा कळलं. झाड तोडल्याचा गुन्हा लंगडा होता. पडलेल्या झाडावरून बेट काढून घेणं पुण्यात टिकलं नसतं. पण कोठडीतून पळालेला आरोपी… त्याचं बेट काढायला कोणाची हरकत येणार? आणि पुरावा कोणाचा? त्याने वाचवलेल्या माणसांचा.

मी धोंडिबाजवळ वाकलो. "हे तांदूळ घेऊ नकोस. सांग, मी नव्हतो. तू इथं होतास, मी साक्ष देतो. त्यांना कोणीतरी दुसऱ्यानं आणलं असेल."

"दुसरं कोन मास्तर?"

"कोणी का असेना. नाव तुझं घेऊ देऊ नकोस. तुझं बेट जाईल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चावडीत चुकून शिरलेला परगावचा माणूस आहे. "आनि म्यां घेतलं न्हाईत, तर ह्यास्नी आनलं कुनी? दिस मावळला की ही आठ जनं पान्यातच की. आज रातीला ह्यांच्या डोळ्याला डोळा लागंल व्हय? त्या लेकराची आय त्येला निजवंल व्हय?"

"पण तू तर इथं होतास ना!"

"व्हय. हितंच व्हतो."

"मग?"

"मग काय? तांदूळ घ्याया हात लागत्यात. ते हायत." आणि त्याने ओंजळ पुढे केली.

आठही जणांनी रीत पाळली. पाच माणसं हवी होती. मामलेदार, कारकून, हवालदार, पाटील आणि मी, असे पाच झालो. प्रत्येकाने त्याचं नाव घेतलं, 'यानं मला आणलं' म्हटलं, मूठ रिकामी केली. मुलाची मूठ आईने धरून उघडली. त्यात पाच-सहा दाणे होते. गुरवाला रडू आवरेना. कारकून लिहीत होता. इतक्या आनंदाने आपल्या माणसाच्या विरुद्ध साक्ष देणारी माणसं मी पुढे कोर्टात कधी पाहिली नाहीत. काय चाललं आहे ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मी बाहेर जाऊन तान्हीमावशीला सांगितलं, तोवर अंगठे उठले होते.

ती परत आत धावली. "ह्यो पळाला न्हाई! ह्यानं आमास्नी आनलं, पळाला कुटं?"

"तेच तर लिहिलंय, बाई," मामलेदार म्हणाले.

मग माझी पाळी आली. मी जबानी दिली — सव्वादोन ते पावणेचार आरोपी माझ्या नजरेसमोर होता, दोरी बांधलेली होती, गाठ सुटलेली नव्हती. मामलेदारांनी शांतपणे ऐकलं.

"मास्तर, म्हणजे या सहा बायका आणि गुरव खोटं बोलतात, असं लिहू?"

"नाही. त्या खरं बोलतात."

"मग आपण खोटं बोलता?"

"नाही."

"आपली शाळा ग्रँटवर आहे ना?" ते म्हणाले. "इन्स्पेक्टरसाहेब माझे स्नेही आहेत. दोन जागी एक माणूस पाहणारे मास्तर त्यांना पसंत पडतील की नाही, शंका आहे." आणि त्यांनी कारकुनाला मजकूर सांगितला: साक्षीदार लिहिण्यात गढलेला असल्यामुळे त्याचे आरोपीकडे लक्ष नव्हते. "यात कमीपणा काही नाही. विद्वानांचं असं होतंच."

मी सही केली.

सही करून तळेगावला आलो आणि त्याच संध्याकाळी कॉपी लिहिली. दोन पानं. दोन्ही गोष्टी दिल्या — चावडीत काय पाहिलं, बायका काय म्हणाल्या. मेळ लागत नाही, हेही लिहिलं. आपण सहीत हरलो ते छपाईत भरून काढू, असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी अंक आला. आठ ओळी होत्या. मथळा — आरोपीचे धाडस. मजकूर — चावडीतून निसटून भोयाने आठ जणांचे प्राण वाचवले. खाली, 'आमच्या बातमीदाराकडून'.

ज्या उपसंपादकाने हे केलं त्याच्याच शेजारी मी पुढे बरीच वर्षं बसलो. त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "अरे, दोन्ही कसं खरं असेल? एक ठेवायचं होतं, त्यातलं माणसाच्या भल्याचं ठेवलं." त्याला अजूनही तसंच वाटतं. मी तेव्हा खुलासा पाठवला होता. तो जागेअभावी राहिला.

वडगावला खटला चालला तेव्हा पुराव्यात तीन गोष्टी होत्या. आठ जणांच्या जबान्या — मुलाच्या वतीने त्याच्या आईची. डुलकी कबूल करणारा हवालदार. त्याला नुसती ताकीद मिळाली. आणि वर्तमानपत्राचं कात्रण. माझी सही चौथी, पण तिची गरजही पडली नाही. धोंडिबाला विचारलं, तू यांना आणलंस का? तो म्हणाला, "तांदूळ घेतल्यात म्यां." तू चावडीतून गेलास का? "न्हाई जी." मॅजिस्ट्रेटांनी हे दुसरं उत्तर उद्दामपणाचं मानलं. तीन महिने सक्तमजुरी. बेट सरकारजमा, आणि दिवाळीपर्यंत त्या गृहस्थांच्या नावावर.

आता तपासाचं. दुसऱ्याच दिवसापासून जे करायला हवं होतं ते मी केलं, उशिराने का होईना. धोंडिबाला भाऊ नव्हता. चुलत्याकडची माणसं देहूच्या अंगाला होती. ती त्या दुपारी आपापल्या घाटावर होती, हे त्या घाटांवरच्या लोकांकडून विचारून घेतलं. नाव बाभळीला कुलपातच होती. मी साखळी ओढून पाहिली. सांगड गढीच्या मागे दगडाला अडकवलेली मिळाली, ओली. ती बेटावरून इकडे कोणीतरी आणली, एवढं नक्की. सातही मोठ्या माणसांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. तपशील जुळले, पण घोकल्यासारखे नाही. एकीला त्याच्या पाठीवरचा जुना व्रण आठवला. एकीने सांगितलं की त्याच्या कमरेला दोरीचा तुकडा लोंबत होता. हे शेवटचं ऐकून मी वही मिटली.

अनोळखी कोणी असेल? असेल. घाबरलेल्या माणसांना ओळखीचं तोंड दिसतं, हे मला मान्य आहे. पण असा पोहणारा मावळात कोण होता, जो आला, त्या पाण्यातून चार फेऱ्या केल्या आणि नाव न सांगता निघून गेला? त्याचं नाव मला कोणीही आणून द्यावं. मी आनंदाने छापीन. एवढ्या वर्षांत ते मिळालेलं नाही.

त्या गृहस्थांनी बेटावर बंगली बांधली, बाकं घातली. पावसाळ्यात तिथं नाव ठेवायची कोणाची जबाबदारी, ते कोणत्याही कागदात आलं नाही. पुढच्याच आषाढात त्याच पाण्यात दोन गडी आणि एक बाई गेली. काठावर माणसं उभी होती, हाका मारत होती. कोणी आलं नाही. मासिकातल्या लेखकमहाशयांनी हेही गावात विचारलं असतं तर बरं झालं असतं. भूत पोचवतं म्हणे! त्या वर्षी ते धोंडिबाच्या जागी बसवलेल्या बाकांवर बसलं होतं काय?

धोंडिबा सुटून आला तो इंदुरीला राहिला नाही. कार्ल्याच्या पुढे रेल्वेच्या कामावर खडी फोडत होता. मी त्याला तिथं भेटलो. बायको जवळच चूल पेटवत होती. तिने मला चहा दिला आणि पुन्हा चुलीकडे वळली. मी खूप वेळ इकडचं-तिकडचं काढलं आणि शेवटी विचारलंच. त्या दिवशी खरं काय झालं? डोळे मिटून तू काय करत होतास? तू बेटावर होतास की नव्हतास?

त्याने हातोडी खाली ठेवली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मास्तर, म्यां डोळं मिटलं व्हतं. मला काय दिसनार? तुमचं उगडं व्हतं. तुमी समोर व्हता की. तुमीच सांगा, मी कुटं व्हतो."

मी चहा संपवला आणि उठलो. तो पुढच्या वर्षी वारला; मला पत्राने कळलं.

बेटावरून आठ माणसं कोणी आणली, हे मला माहीत नाही. खुलासा नाही, तर्क नाही, आणि आता तो मिळेल अशी आशाही नाही. पण त्याने विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्यापाशी पहिल्यापासून होतं, आणि ते मी एकदा सही करून खोडलं आहे. म्हणून इथं, माझ्या नावानिशी, पुन्हा लिहून देतो. त्या सोमवारी सव्वादोन ते पावणेचार धोंडिबा इंदुरीच्या चावडीत, खांबाला बांधलेला, माझ्यासमोर बसला होता. तो कुठेही पळाला नाही.

माझं लक्ष होतं.